पोवळ्यांच्या टाकीतली अल्कता घसरते तेव्हा

डिसेंबरातल्या एका रात्री साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळातला एक तरुण मित्र होता, आवाजात घाबरेपणा. "काका, झोपला नाहीत ना? टाकीतलं पोवळं बुडापासून पांढरं पडायला लागलंय. मासे मस्त आहेत, पाणी आरशासारखं आहे, तापमानही बरोबर आहे, कॅल्शियम तर उत्तम आहे. अल्कलिनिटी तेवढी ५.६ आलीय. सोड्याचा डबा हातात घेऊन उभा आहे. किती घालू?"

मी म्हटलं, "आज काहीच घालू नकोस. डबा खाली ठेव. उद्या संध्याकाळी येतो, आधी परत मोजू."

पुढचे चार-पाच आठवडे आम्ही दोघांनी त्या टाकीची वही ठेवली. खाऱ्या पाण्यात पोवळी पाळणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते, आणि बहुतेक नुकसान अल्कता घसरल्यामुळे होण्यापेक्षा ती घाईघाईने वर खेचल्यामुळे होतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांवर चौथं मोठं विरंजनसंकट, म्हणजे पोवळी पांढरी पडण्याचं संकट, आल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून टाकी नसलेले लोकही मला विचारतात, "ते पांढरं पडणं आणि हे पांढरं पडणं एकच का?" त्याचंही उत्तर पुढे येईल, पण आधी मुळापासून सुरुवात करू.

अल्कता म्हणजे काय?

आपल्याकडे शेतकऱ्याच्या मातीपरीक्षणाच्या कागदावर 'सामू' हा शब्द असतो. पदार्थ आम्लाकडे झुकला आहे की आम्लारीकडे, ते सामू सांगतो. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो, म्हणजे किंचित आम्लारीकडे.

अल्कलिनिटी, म्हणजेच अल्कता, ही वेगळी गोष्ट आहे. पाण्यात थेंबथेंब आम्ल टाकत गेलं तर ते किती आम्ल पचवून मग शरण जातं, तो आकडा म्हणजे अल्कता. समुद्राच्या पाण्यात ही पचनशक्ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि थोड्या प्रमाणात कार्बोनेट यांच्यामुळे येते.

गावाकडचं जाड मातीच्या भिंतींचं घर आठवा. बाहेर ऊन तापलं, रात्री थंडी पडली, तरी आतली हवा फारशी हलत नाही. आत या क्षणी किती ऊब आहे, तो झाला सामू. भिंत किती जाड आहे, ती झाली अल्कता. भिंत पातळ असेल तर दुपारी भट्टी आणि पहाटे बर्फ. अल्कता कमी असलेल्या टाकीतला सामू असाच दिवस-रात्र वर-खाली होत राहतो.

मोजायचं एकक 'डीकेएच' आहे. ते जर्मनीतून आलं. १ डीकेएच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दर लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम. मोकळ्या समुद्राची अल्कता साधारण ७ डीकेएच असते. पोवळी पाळणारे ७ ते ९, काही जण १० पर्यंत ठेवतात. माझ्या मित्राची ५.६ होती.

पोवळं घर बांधतं कशाने?

अल्कता नुसती भिंत असती तर एवढं घाबरायचं कारण नव्हतं. पण टणक पोवळी हीच भिंत फोडून तिच्या विटा स्वतःच्या घराला वापरतात.

पोवळ्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीचा नैसर्गिक खडू ज्या जातीचा, त्याच कुळातला, फक्त स्फटिकाची घडण वेगळी, तिला ॲरागोनाइट म्हणतात. तो बांधायला पाण्यातलं कॅल्शियम लागतं आणि बायकार्बोनेट लागतं. शिंपले, काही गोगलगायी, दगडांवर चढणारा गुलाबी-जांभळा शेवाळाचा थर, हे सगळे याच दोन कोठारांतून माल उचलतात.

आता एक गोम आहे, आणि इथेच बहुतेक जण फसतात. दोन्ही कोठारं सारखी मोठी नाहीत. टाकीतल्या पाण्यात कॅल्शियम दर लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पोवळ्यांनी त्यातलं २० मिलिग्रॅम उचललं, तर कॅल्शियम ४२० वरून ४०० वर येतं. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण तेवढ्याच बांधकामाला अल्कता २.८ डीकेएच जाते. ८ वरून थेट ५.२.

स्वयंपाकघरात रव्याचा मोठा डबा भरलेला आहे आणि तूप मात्र वाटीभर आहे, असं समजा. दर वेळी शिरा करताना दोन्ही लागतात. चार वेळा शिरा झाला की डबा भरलेलाच दिसतो, वाटी खरवडायची वेळ येते. म्हणून मित्र म्हणत होता की "कॅल्शियम तर उत्तम आहे". ते उत्तमच असणार होतं.

त्याच्या टाकीत आधी वर्षभर मऊ पोवळी होती. त्यांना टणक सांगाडा नसतो, त्यामुळे खर्च नगण्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की नव्या पाण्यात घातलेल्या समुद्री मिठातून तूट भरून निघत होती. उन्हाळ्यात त्याने फांद्यांच्या पोवळ्यांचे काही तुकडे आणले. ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा. ते रुजले, वाढू लागले, आणि खर्च वाढला. आवक मात्र तेवढीच राहिली. त्याच्या हातून काही चुकलं म्हणून अल्कता पडली नाही. पोवळी चांगली वाढली म्हणून पडली, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा सैलावला.

दुसरं एक कारण कमी बोललं जातं. माशांच्या मलमूत्रातला आणि उरलेल्या खाण्यातला अमोनिया जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, त्या कामातही अल्कता खर्च होते. टाकीत दर लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट साठलं असेल, तर त्यापायी सव्वादोन डीकेएच गेलेले असतात. मासे जास्त, खाणं जास्त आणि पाणी बदलणं कमी, अशा टाकीत पोवळी नसली तरी अल्कता हळूहळू झिजते.

आकडा खरा आहे का?

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो माझं मोजायचं किट घेऊनच. घरगुती किटमध्ये अल्कतेची व्याख्याच प्रत्यक्षात उतरवलेली असते: ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, रंगाचा थेंब टाकायचा, मग आम्लाचे थेंब मोजत जायचं. रंग पालटला की थांबायचं. जितके थेंब, तितकी पचनशक्ती.

यात चुका होतात त्या साध्या असतात. किटची मुदत संपलेली असते. पाणी ५ मिलिलिटरऐवजी साडेपाच घेतलं जातं. पिवळ्या दिव्याखाली रंग पालटलेला कळत नाही. म्हणून दोन वेळा मोजावं, शक्यतो दोन वेगळ्या किटांनी, आणि दिवसाच्या एकाच वेळी. उजेडात पोवळी जास्त बांधकाम करतात, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा आकडा वेगळा येऊ शकतो. सकाळच्या आकड्याची कालच्या रात्रीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

मग क्षारता बघायची. समुद्राच्या पाण्यात दर किलोला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीत ते ३० च असतील तर अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच सातवा हिस्सा कमी दिसणार. अशा वेळी सोडा घालणं म्हणजे पातळ झालेल्या आमटीत नुसती हळद वाढवण्यासारखं आहे. आधी मीठ बरोबर करावं.

मित्राच्या टाकीत क्षारता ३५ च निघाली. माझ्या किटनेही ५.६ दाखवलं. म्हणजे तूट खरी होती.

सोडा किती, आणि कोणता?

अल्कता वाढवायला सगळ्यात सोपा, स्वस्त आणि बिनधोक पदार्थ घराघरांत असतो: खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पोवळ्यांना हवं ते बायकार्बोनेटच.

हिशेब एवढाच लक्षात ठेवा: १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की अल्कता १ डीकेएच वाढते.

बाकी सगळं त्रैराशिक. मित्राची टाकी ७५ गॅलनची, म्हणजे २८४ लिटरची. पण आत दगड आहेत, वाळू आहे, वरचा काठ रिकामा आहे. खाली जोडलेल्या दुसऱ्या छोट्या टाकीतलं पाणी धरून प्रत्यक्ष पाणी सुमारे २४० लिटर भरलं. काचेवर लिहिलेला आकडा धरून सोडा घातला असता, तर दर वेळी जवळपास पाचवा हिस्सा जास्त गेला असता. २४० लिटरला १ डीकेएच वाढवायला ७.२ ग्रॅम. ५.६ वरून ८ वर न्यायचं, म्हणजे २.४ डीकेएच, म्हणजे एकूण सव्वासतरा ग्रॅम.

सव्वासतरा ग्रॅम म्हणजे तीन-चार चमचे. रात्री साडेदहाला डबा हातात घेऊन उभा असलेला माणूस ते एका दमात ओतून मोकळा होतो, आणि तिथेच पोवळी जातात. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, हा नियम मी पाळतो. पोवळ्याने पडलेल्या अल्कतेशी आठवडेच्या आठवडे जुळवून घेतलेलं असतं. उपासाने क्षीण झालेल्या माणसाला आपण पेज देतो, पंगतीत बसवत नाही.

डब्यावरचं नाव मात्र नीट वाचा. बेकिंग पावडर चालत नाही. तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च असतो. पोटासाठी घेतात ती फसफसणारी पावडर चालत नाही, तिच्यातही आम्ल असतं. धुण्याचा सोडा हा सोडियम कार्बोनेट. रासायनिकदृष्ट्या तो चालला असता, पण दुकानात मिळणाऱ्या पुड्यात सुवास, साबण, आणखी काय काय मिसळलेलं असतं. तो टाकीपासून लांब ठेवा.

सोडा आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. ७ ग्रॅमला अर्धा लिटर पुरे. मग पंपाच्या धारेजवळ, जिथे पाणी जोरात फिरतं तिथे, हळूहळू ओतावा. पोवळ्याच्या डोक्यावर नाही.

सामूही कमी असेल तर?

खाण्याच्या सोड्याने सामू फारसा हलत नाही, घालताक्षणी उलट किंचित उतरतो. थंडीत इकडे खिडक्या महिनोन्महिने बंद असतात, घरातल्या माणसांच्या श्वासाने खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि सामू ७.८ वर येतो. अशा वेळी अल्कता ठीक असूनही सामू कमी दिसतो. त्याला औषध म्हणजे खिडकी उघडणं, सोडा घालणं नव्हे. भिंतीची जाडी बरोबर आहे, घरात फक्त धूर कोंडलाय.

अल्कता आणि सामू दोन्ही कमी असतील, तर शुद्ध सोडियम कार्बोनेट कामाला येतं. ते घरीही करता येतं. खाण्याचा सोडा पसरट भांड्यात ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरले की भाजणं पूर्ण झालं, वजनकाटाच साक्षीदार. पण हा भाजलेला सोडा जास्त तेज. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ऐवजी १.९ ग्रॅमच पुरतो. आणि तो सामू झपकन वर नेतो, म्हणून आणखी हळू घालावा. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा. दिसायला दोन्ही पांढरेच.

सोडा घातला, तरी आकडा पुरेसा का वाढत नाही?

पहिल्या दिवशी आम्ही ७.२ ग्रॅम घातला. ५.६ अधिक १, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी ६.६ यायला हवं. आलं ६.२.

मित्राचा लगेच प्रश्न, "काका, सोडा जुना असेल का? उद्या दुप्पट घालू?"

सोडा चांगलाच होता. जे ०.४ दिसत नव्हतं, ते चोवीस तासांत पोवळ्यांनी वापरलं होतं. एका बाजूने बादलीने भरताय आणि दुसऱ्या बाजूने नळ चालू आहे, अशी ती टाकी असते. त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा आकडा हाच होता, ०.४. त्यातून टाकीचा रोजचा खर्च कळला.

मग रोज तेवढाच सोडा. ६.२, ६.८, ७.४, आणि चौथ्या दिवसानंतर ८.०. तिथे मोठी मात्रा थांबवली आणि रोजचा खर्च भरून काढायला तेवढाच ठेवला. १ डीकेएचला ७.२ ग्रॅम, तर ०.४ ला २.९ ग्रॅम.

मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे, आणि ती इथे आहे. ८ वर नेणं हे काम चार दिवसांचं. खरा इलाज म्हणजे ते २.९ ग्रॅम. रोज जेवढं जातं तेवढं रोज परत द्यायचं. ज्यांनी तो आकडा काढला नाही, ते दर महिन्याला ५.६ वरून ८ आणि ८ वरून ५.६ असा झोका घेत राहतात, आणि पोवळ्यांना त्या झोक्याने जितकी इजा होते तितकी स्थिर ६.५ नेही होत नाही.

हा आकडाही कायमचा नसतो. पोवळी सावरली की पुन्हा बांधायला लागतात आणि भूक वाढते. तीन आठवड्यांनी त्याच टाकीला रोज ०.५ लागू लागलं, म्हणजे ३.६ ग्रॅम. म्हणून पहिले काही आठवडे एक दिवसाआड तरी मोजावं. नंतर आठवड्यातून एकदा पुरतं.

नुसतं पाणी बदलून भागणार नाही का?

मऊ पोवळ्यांच्या छोट्या टाकीत भागतं. टणक पोवळ्यांच्या टाकीत गणित करून बघा. टाकीत अल्कता ६ आहे, नवं पाणी ९ चं आहे, आणि आपण दहावा हिस्सा बदलला. वाढ झाली ०.३. मित्राची टाकी एवढं एका दिवसाच्या आत संपवते.

आणि नवं पाणी वापरण्याआधी त्याचीही अल्कता मोजा. बाजारातल्या मिठांत ती ७ पासून ११-१२ पर्यंत असते. मिठाचा ब्रँड बदलला आणि त्याच दिवशी निम्मं पाणी बदललं, तर अल्कतेला एका तासात हिसका बसतो.

मग आयुष्यभर चमच्याने सोडाच घालत बसायचं?

छोट्या टाकीला तसंही चालतं. पण कॅल्शियमचा रव्याचा डबाही कधीतरी तळाला लागतो, म्हणून दोन्ही एकत्र भरणारे उपाय निघाले.

त्यातला माझा आवडता उपाय शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेला आहे: चुन्याची निवळी. नळीने फुंकर मारली की दुधाळ होते, तीच. या छंदात तिला सगळे जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात, पण आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना मी तर निवळीच म्हणतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात ढवळायचं, झाकून ठेवायचं, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कता ज्या प्रमाणात लागतात, निवळीतून ती त्याच प्रमाणात मिळतात. टाकीतून रोज पाणी उडून जातं, त्या जागी ही निवळी रात्री थेंबथेंब सोडायची. २४० लिटरच्या टाकीत एक लिटर संपृक्त निवळी गेली की अल्कता सुमारे अर्धा डीकेएच वाढते.

पण निवळीचा सामू १२ च्या वर असतो. ग्लासभर एकदम ओतली तर त्या कोपऱ्यातले जीव भाजतात. पानाला लावायचा चुना डोळ्यात गेला तर काय होतं हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. निवळी करताना चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. आणि पानाच्या डबीतला चुना यात वापरू नका, तो शुद्ध असेलच असं नाही. शिवाय निवळीला एक मर्यादा आहे: जेवढं पाणी उडतं तेवढीच ती घालता येते. पोवळी वाढली की ती अपुरी पडते.

मग दोन बाटल्यांची पद्धत येते. एकीत सोड्याचं द्रावण, दुसरीत कॅल्शियम क्लोराइडचं, आणि दोन्ही छोट्या पंपांनी दिवसभर थोडं थोडं. मोठ्या टाक्यांना कॅल्शियम रिॲक्टर लावतात. त्यात कार्बन डायऑक्साइडने आम्ल केलेल्या पाण्यात पोवळ्यांचाच चुरा विरघळवतात. आमच्या मित्राने पंप घेतले. नोकरीमुळे तो महिन्यातून आठवडाभर बाहेर असतो, आणि घरातल्यांवर चमचा-वजनकाटा सोपवणं त्याला बरोबर वाटलं नाही.

पाणी अचानक दुधाळ झालं तर?

दोन बाटल्यांतली द्रावणं एकाच जागी, एकाच वेळी घातली की डोळ्यांदेखत पांढरा धूर उठतो. कॅल्शियम आणि कार्बोनेट पोवळ्याची वाट न बघता परस्परच खडू होऊन बसतात. वाळूवर, हीटरवर, पंपाच्या आत. दोन्ही घालण्यात काही तासांचं अंतर ठेवा.

काही टाक्यांत मात्र अंतर ठेवूनही अल्कता टिकत नाही. तिथे मॅग्नेशियम मोजा. समुद्रात ते दर लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या जवळपास असतं. साखरेचा पाक करताना आपण त्यात लिंबू पिळतो, म्हणजे साखर परत दाणेदार होत नाही. टाकीतलं मॅग्नेशियम तसंच काम करतं. खडूचा इवलासा स्फटिक तयार होऊ लागला की त्याच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ अडवतं. मॅग्नेशियम बरंच खाली गेलं की कितीही सोडा घाला, तो खडू होऊन तळाला जातो. आधी मॅग्नेशियम भरा.

जास्त अल्कतेने पोवळी जास्त वाढतील ना?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि त्यात तथ्य आहे. काही मर्यादेपर्यंत वाढ खरंच वेगाने होते. पण ११-१२ वर ठेवलेल्या टाक्यांत, विशेषतः जिथे पाणी अतिशय स्वच्छ आणि नायट्रेट-फॉस्फेट नगण्य असतात, तिथे फांद्यांची टोकं करपल्यासारखी होताना अनेकांनी पाहिलं आहे. सांगाडा पुढे पळतो, वरचं मांस मागे राहतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पंपांवर खडू चढतो तो वेगळाच. मी स्वतः ७.५ ते ८.५ मध्ये राहतो. पोवळी लाखो वर्षं ज्या पाण्यात वाढली त्याच्या जवळपासचा हा आकडा आहे, आणि त्यात चुकायला थोडी जागा उरते.

माशांचं विचाराल तर त्यांना यातलं फारसं काही जाणवत नाही. म्हणूनच "मासे मस्त आहेत" यावर विसंबून राहू नये.

बातम्यांमधलं पांढरं पडणं हेच का?

नाही. पोवळ्याच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतात. पोवळ्याचा बराचसा रंग आणि बहुतेक अन्न त्यांच्याकडून येतं. समुद्र तापला की हे नातं तुटतं, शैवाल निघून जातात, आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हे विरंजन. यात मांस जिवंत असतं, पाणी वेळेत थंड झालं तर पोवळं सावरू शकतं.

मित्राच्या टाकीत फांदीच्या बुडापासून मांसच मागे सरकत होतं. तिथे उघडा पडला तो नुसता सांगाडा. भिंगाने बघितलं की फरक कळतो. विरंजनात पांढऱ्यावरही तोंडं, शुंडकं दिसतात. इथे काहीच नव्हतं. त्यातल्या दोन फांद्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बाकीच्यांची मागे हटणारी रेषा तिसऱ्या आठवड्यात थांबली.

मग समुद्राचीही अल्कता कमी होतेय का?

समुद्राचं दुखणं वेगळं आहे, आणि टाकी सांभाळणाऱ्याला ते चटकन समजतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा छोटा वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की यात आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढली. मात्र कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळल्याने अल्कता बदलत नाही. बदलते ती आतली वाटणी. कार्बोनेट कमी होतं, बायकार्बोनेट वाढतं, आणि सांगाडा बांधणं पोवळ्याला महाग पडतं. डिसेंबरातल्या बंद घरातल्या टाकीत जे होतं तेच, पण तिथे उघडायला खिडकी नाही.

२०१४ मध्ये रिबेका ऑलब्राइट, केन काल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ खऱ्या समुद्रात, खऱ्या प्रवाळावर हा प्रयोग केला. प्रवाळावरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून त्यांनी अल्कता वाढवली आणि ते पाणी औद्योगिक काळापूर्वीच्या अवस्थेजवळ नेलं. प्रवाळाचं बांधकाम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. निष्कर्ष २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आले. बांधकाम किती झालं हे मोजलं कसं, तर पाणी प्रवाळावरून जाण्याआधीची अल्कता आणि गेल्यानंतरची अल्कता यांतल्या फरकावरून. १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ प्रवाळांची वाढ याच पद्धतीने मोजत आले आहेत. मित्राला सापडलेला तो ०.४ चा आकडा त्याच मापाचा.

अख्ख्या समुद्रात चुना किंवा खनिजांचा भुगा मिसळून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घ्यावा का, यावर आता गंभीरपणे संशोधन चालू आहे. मला त्यात आशाही दिसते आणि धास्तीही वाटते. २४० लिटरची अल्कता २.४ डीकेएचने वाढवायला आम्ही चार दिवस घेतले. समुद्रात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजून मात्रा बदलता येईल, असं कोण म्हणेल?

महाराष्ट्रात अशी टाकी ठेवता येईल का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात टणक पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून ती काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. कोणी "आपल्याच किनाऱ्यावरचं आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. खाऱ्या पाण्याची माशांची टाकी करा. नायट्रेटमुळे तिचीही अल्कता झिजते, तेव्हा वरचा सोड्याचा हिशेब तिलाही लागू आहे.

आणि पोवळी बघायची तर ती आपल्याकडे आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ती आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर तर त्यांचं मोठं साम्राज्य आहे. माझा मित्र येत्या हिवाळ्यात मालवणला, आजोळी जाणार आहे. किनाऱ्यावरून परीक्षानळीभर पाणी घेऊन मोजायचं असं त्याने ठरवलंय. किट बॅगेत टाकून झालंय, वहीत एक पान कोरं ठेवलंय.